थेंब, ठिणगी आणि इलेक्ट्रॉन

‘डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच’ असें आपण सहज बोलून जातों, तेव्हां काळाचें सर्वांत लहान माप आपण आपल्या पापणीकडून उसनें घेतों. आपल्या जुन्या ज्योतिषकारांनींहि तेंच केलें. निमेष हें माप डोळ्याच्या उघडझापीवरूनच आलें. परंतु ते तेथें थांबले नाहींत. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मधील आपल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ ग्रंथांत निमेषाचा तिसावा भाग तो तत्पर आणि तत्पराचा शंभरावा भाग ती त्रुटि, असें कोष्टक दिलें आहे. हिशेब करून पाहिला तर ही त्रुटि आजच्या सेकंदाच्या ३३,७५० व्या भागाएवढी भरते. ज्या काळीं घटिकापात्र पाण्यांत बुडण्याची वाट पाहून मुहूर्त ठरत, त्या काळीं त्रुटि मोजण्याचें यंत्र कोणापाशीं नव्हतें, आणि असावें अशी कोणाची अपेक्षाहि नव्हती. ती गणिताची संज्ञा होती. मोजतां न येणाऱ्या काळास नांव देणें ही एक गोष्ट. तेवढ्या काळांत काय घडलें तें डोळ्यांपुढें आणून ठेवणें ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास दोनशें वर्षांहून कमी आहे, आणि तोच आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

सामान्य समजूत अशी कीं, कॅमेऱ्याची झडप जितकी चपळ, तितकें क्षणाचें चित्र सूक्ष्म. ही समजूत खोटी नव्हे, पण ती आपणांस फार दूर नेत नाहीं. झडप म्हणजे शेवटीं पत्र्याचा तुकडा. त्याला वजन आहे, आणि जेथें वजन आहे तेथें आळसहि आहे. तो हलवावयाचा, थांबवावयाचा, पुन्हा मागें आणावयाचा. सेकंदाच्या कांहीं सहस्रांशापलीकडे त्याची मजल जाणें अवघड. म्हणून पहिली खरी युक्ति निघाली ती झडप टाकूनच. जून १८५१ मध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनीं ‘टाइम्स’ पत्राचा एक छापील तुकडा चाकावर चिकटविला, चाक भरवेगानें फिरविलें, खोलींत काळोख केला, कॅमेऱ्याचें तोंड उघडेंच ठेवलें, आणि लेडन-घटांतून विजेची एक ठिणगी पाडली. काचेवर जें चित्र उमटलें त्यांत अक्षरें वाचतां येत होतीं. चाक थांबलें नव्हतें. उजेडच इतका थोडा वेळ राहिला कीं चाकास हलण्यास सवड मिळाली नाहीं. दार वेगानें लावण्याऐवजीं दिवाच क्षणभर लावावा, अशी ही तोड होती.

यानंतरची घोड्याची गोष्ट बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. १८७८ च्या जून महिन्यांत कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें एडवर्ड मायब्रिज यांनीं बारा कॅमेरे ओळीनें मांडून भरधांव घोड्याचीं चित्रें घेतलीं, आणि दौडींत एका क्षणीं चारहि पाय जमिनीवरून सुटलेले असतात हें सर्वांपुढें आलें. घोड्याच्या मालकानें यावर मोठी पैज लावली होती असें आजहि सांगतात. त्या कथेला भरवशाचा पुरावा नाहीं. तिच्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, पाय सुटतात त्या क्षणीं ते पुढेंमागें ताणलेले नसतात, पोटाखालीं गोळा झालेले असतात. पिढ्यान्‌पिढ्या थोर चित्रकारांनीं रंगविलेले तुफान घोडे या बारा कांचांनीं खोटे पाडले. पुढें १८८६ सालीं एर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून पेटर साल्खर यांनीं फियूम या बंदरगांवीं ठिणगीच्याच उजेडांत बंदुकीच्या गोळीचें चित्र घेतलें, आणि ध्वनीहून वेगानें जाणाऱ्या गोळीपुढें हवेची लाट नांवेच्या पुढील पाण्यासारखी कशी दुभंगते तें दाखविलें.

परंतु या सर्वांत आम्हांस विशेष शिकविणारा मनुष्य वाटतो तो आर्थर वर्दिंग्टन. त्याचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. इंग्लंडांत डेव्हनपोर्ट येथील आरमारी एंजिनियरिंग कॉलेजांत तो पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि त्याचें आयुष्यभराचें वेड एकच : थेंब पडला म्हणजे काय होतें? पाऱ्याचा किंवा दुधाचा थेंब काळोखांत सोडावयाचा, तो आपटल्यानंतर ठराविक काळानें ठिणगी पाडावयाची, त्या लखलखाटांत डोळ्यांत जी आकृति क्षणभर टिकून राहील ती लगेच कागदावर उतरावयाची. मग दुसरा थेंब. या वेळीं ठिणगी किंचित् उशिरां. अशा असंख्य थेंबांतून त्यानें एका थेंबाचें चरित्र रचलें. थेंब चपटा होतो, त्याची कड उचलते, कडेवर कळ्या फुटतात, कळ्यांचा मुकुट होतो. सारें कसें सुबक, समप्रमाण, कुंभाराच्या चाकावरून उतरल्यासारखें गोल.

सुमारें वीस वर्षें हें चालल्यावर १८९४ मध्यें त्याला तेंच काम प्रकाशचित्रानें करतां आलें. आणि चित्रांत काय दिसावें? एक बाजू वर आलेली, दुसरी बसलेली, कळ्या कोठें दाट, कोठें विरळ, मुकुट तुटलेला. वर्दिंग्टननें आपलीं जुनीं चित्रें काढून पाहिलीं. त्यांतहि वांकडेतिकडे थेंब होते. पण तो थेंब बिघडला असें समजून तें चित्र तो बाजूस ठेवीत आला होता, आणि जें गोल तेंच खरें म्हणून छापीत आला होता. त्यानें हें आपल्या लेखनांत स्वच्छ कबूल केलें. मनुष्य लबाड नव्हता. त्याच्या मनांत थेंबाची जी निर्दोष आकृति आधींच बसलेली होती, तिनें त्याच्या डोळ्यांवर मात केली होती इतकेंच. हा थेंब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याची गांठ पुढें पुन्हा पडणार आहे.

ठिणगीनें एवढें साधलें, तरी एक अडचण तिच्या स्वभावांतच होती. जी वस्तु काळोखांत बसून आपल्या उजेडाची वाट पाहते, तिचेंच चित्र ठिणगीनें घेतां येतें. जी वस्तु स्वतःच जळते आहे, तिला ठिणगी काय दाखविणार? सूर्यापुढें काजवा. स्फोट, ज्वाळा, विजेचा लोळ यांचें चित्र घ्यावयाचें तर पुन्हा दारच हवें, आणि तें वजनदार पत्र्याचें नको. ग्लासगोच्या जॉन केर यांनीं १८७५ सालीं दाखविलें होतें कीं, विजेच्या दाबाखालीं कांहीं पारदर्शक पदार्थ प्रकाशाची ठेवण बदलतात. दोन ध्रुवण-कांचांमध्यें असा द्रव ठेवला तर विजेच्या इशाऱ्यासरशी प्रकाश पार जातो किंवा अडतो. येथें हलणारें असें यंत्र कांहींच नाहीं. पुढें अशाच जातीचीं, चुंबकाच्या जोरावर चालणारीं प्रकाशदारें हॅरल्ड एजर्टन यांनीं अमेरिकेच्या अणुस्फोटांच्या चांचण्यांसाठीं बनविलीं. एरवीं हे गृहस्थ प्रसिद्ध आहेत ते दुधाच्या थेंबाच्या मुकुटाचें मनोहर चित्र घेणारे म्हणून. तोच हात, तीच दृष्टि. विषय मात्र एकदां दुधाचा थेंब आणि एकदां अग्नीचा गोळा.

क्षणाचें चित्र म्हणजे नुसतें कौतुक नव्हे, तें ज्ञान आहे आणि म्हणून सत्ताहि आहे, हें एका गोष्टीवरून स्पष्ट होईल. १६ जुलै १९४५ रोजीं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत पहिल्या अणुबाँबची चांचणी झाली. तिचें बळ किती हें गुपित होतें. परंतु १९४७ सालीं त्या अग्निगोलाचीं चित्रें प्रसिद्ध करण्यांत आलीं, आणि त्यांवर गोलाची रुंदी मोजण्याची पट्टी व स्फोटानंतर किती वेळानें चित्र घेतलें तो आंकडा छापलेला होता. केंब्रिजच्या जेफ्री टेलर यांनीं तेवढ्यावरून गणित मांडलें : इतक्या सहस्रांश सेकंदांत गोल इतका वाढला, तर त्यांतील शक्ति अमुक. १९५० मध्यें त्यांनीं छापलेलें उत्तर सुमारें १७ हजार टन टीएनटी इतकें होतें. तिजोरीला कुलूप होतें. पण तिजोरीचें चित्र भिंतीवर टांगलें होतें, आणि त्यांतून रक्कम वाचतां आली.

आतां इलेक्ट्रॉनाकडे वळूं. कांहीं धातूंवर प्रकाश पडला कीं त्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात, या घटनेचा पहिला सुगावा हाइन्रिख हर्ट्‌झ यांस १८८७ सालीं लागला. हॉलंडांत फिलिप्स कंपनीच्या आइंडहोव्हन येथील प्रयोगशाळेंत होल्स्ट व त्यांचे सहकारी यांनीं १९३४ सालीं या घटनेस घर बांधून दिलें. हवा काढून टाकलेली कांचेची नळी. तिच्या एका टोकास प्रकाश पडतांच इलेक्ट्रॉन सोडणारा पातळ लेप. दुसऱ्या टोकास इलेक्ट्रॉन आदळतांच चकाकणारा पडदा. मध्यें हजारों व्होल्टांचा दाब. लेपावर जें चित्र पडेल त्याच्या उजळ भागांतून पुष्कळ इलेक्ट्रॉन सुटतात, अंधाऱ्या भागांतून थोडे. ते सरळ धांवत जाऊन पडद्यावर तेंच चित्र पुन्हा उमटवितात. मूळ हेतु डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण दृश्य करण्याचा होता, आणि दुसऱ्या महायुद्धांत काळोखांतून शत्रूस पाहण्याकडे या नळीचा उपयोग झालाहि. पण तिच्यांत एक दुसरा गुण दडलेला होता. मधला दाब असेल तरच इलेक्ट्रॉन धांवतात. दाब काढला कीं चित्र नाहीं, दिला कीं चित्र आहे. म्हणजे ही नळी स्वतःच एक दार, आणि दारांत हलणारी वस्तु कोणती, तर हायड्रोजनच्या अणूच्या अठराशेंव्या भागाहूनहि हलका असा इलेक्ट्रॉन. पत्र्याचा आळस येथें उरला नाहीं.

याची किंमत मात्र द्यावी लागते, आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. टॅलबटच्या कांचेवर जो प्रकाश पडला तो वस्तूवरून थेट आलेला होता. नळीच्या पडद्यावर दिसतो तो प्रकाश निराळाच. मूळ प्रकाश लेपापाशींच संपला. मध्यें एक दूत आला, आणि जेथें दूत आला तेथें निरोपांत फरक पडण्याचा संभव आला. सर्व इलेक्ट्रॉन लेपांतून सारख्या वेगानें निघत नाहींत; कोणी उतावीळ, कोणी सुस्त. पुन्हा ते सर्व एकाच विद्युद्भाराचे, म्हणून एकमेकांस दूर ढकलतात. गर्दी फार झाली तर चित्र फुगतें व पुसट होतें. फार उजळ वस्तु या दूताकडून नीट सांगवत नाहीं, आणि फार मंद वस्तु त्याला ऐकूं येत नाहीं. पुढील सत्तर वर्षांचें बहुतेक कष्ट या दूतास शिस्त लावण्यांत गेले आहेत.

केंब्रिजमध्यें १९४९ च्या सुमारास कोर्टनी-प्रॅट यांनीं अशा नळींतील चित्र चुंबकानें पडद्यावरून सरकवून स्फोटक द्रव्यें कशीं पेट घेतात त्याचा अभ्यास केला. येथें दोन रीतींचा भेद वाचकांनीं समजून घ्यावा. एका रीतींत वस्तूची केवळ एक बारीक रेघ घेतात आणि ती पडद्यावर झपाट्यानें सरकवितात. मग पडद्याची लांबी हाच काळ होतो. दुसऱ्या रीतींत संपूर्ण चित्र घेतात, पण दार एका क्षणापुरतेंच उघडतात. पहिलीला काळ अखंड दिसतो पण वस्तु अरुंद. दुसरीला वस्तु पूर्ण दिसते पण काळ तुटक. रशियांतील झावोइस्की व फान्चेंको यांनीं १९५६ सालीं गणितानें दाखवून दिलें कीं, पहिल्या रीतीनें पिकोसेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत उतरणें तत्त्वतः शक्य आहे. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतील एक तो पिकोसेकंद. तेव्हां एवढ्या अल्पकाळांत घडणारें असें कांहीं हातीं नव्हतें. उत्तर आधीं तयार झालें, प्रश्न मागून आला. १९६० मध्यें लेसर निघाला, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या झोता कांहीं पिकोसेकंदांइतक्या आंखूड झाल्या. मग त्या मोजणार कशानें? १९७१ सालीं शेलेव्ह, रिचर्डसन व अल्कॉक यांनीं, आणि तिकडे ब्रिटनमध्यें ब्रॅडली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, अशा झोता इलेक्ट्रॉनांच्या नळीनें नोंदल्या. लेपाच्या अगदीं तोंडाशीं जबर विद्युद्दाब ठेवला, म्हणजे उतावीळ व सुस्त इलेक्ट्रॉनांतील मूळचा फरक त्या एका धक्क्यापुढें नगण्य होतो, ही त्यांतील खुबी. शाळा सुटतांना मुलें आपापल्या चालीनें रेंगाळूं नयेत म्हणून मास्तरांनीं दारांतच सर्वांस सारखी गति द्यावी, तसें. त्याच सुमारास अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत ड्युग्वे यांनीं लेसरनेंच उघडणारें केरचें दार वापरून पाण्यांतून जाणाऱ्या प्रकाशाच्या झोतीचें, ती वाटेंत असतांना, चित्र घेतलें. झोत दिसावी म्हणून पाण्यांत दुधाचे कांहीं थेंब घातले होते. या शास्त्राचा आणि दुधाचा कांहीं पूर्वजन्मींचा ऋणानुबंध असावा.

आतां आपण ज्या थेंबाची आठवण ठेवली होती त्याकडे येऊं. पण हा थेंब दुधाचा नव्हे. कॅलिफोर्नियांत लिव्हरमोर येथें २००९ सालीं पूर्ण झालेल्या राष्ट्रीय प्रज्वलन केंद्रांत १९२ लेसर-किरण एका ठिकाणीं येतात. त्या ठिकाणीं बोटाच्या पेरापेक्षांहि लहान असा धातूचा डबा असतो आणि त्यांत सुमारें दोन मिलिमीटर व्यासाची पोकळ गोळी. तिच्या आंतल्या अंगास हायड्रोजनच्या दोन जड भावंडांचें, ड्यूटेरियम व ट्रिटियम यांचें, बर्फ बसविलेलें असतें. किरण डब्याच्या भिंतींवर आदळतात, भिंती क्ष-किरण सोडतात, क्ष-किरणांनीं गोळीची सालटी बाहेर उडते, आणि उरलेली गोळी तितक्याच जोरानें आंत दबते. तिचा वेग सेकंदाला चारशें किलोमीटरांच्या जवळपास जातो. मुंबईहून पुण्यास जाऊन परत येण्यास तिला एक सेकंदहि लागूं नये. शेवटीं केसाच्या जाडीएवढ्या जागेंत सूर्याच्या गाभ्याहून अधिक उष्णता उत्पन्न होते आणि हायड्रोजनचे हे अणु एकमेकांत मिळून शक्ति देतात. हा सर्व जळण्याचा सोहळा सुमारें शंभर पिकोसेकंदांत आटोपतो. भास्कराचार्यांच्या एका त्रुटींत असे सोहळे जवळजवळ तीन लाख मावतील.

याचें चित्र कसें घ्यावें? हिशेब पाहा. चारशें किलोमीटर वेगाची वस्तु शंभर पिकोसेकंदांत ४० मायक्रोमीटर सरकते. म्हणजे जें पाहावयाचें त्याच्या आकाराचा मोठा भाग. तेवढा वेळ दार उघडें राहिलें तर चित्र म्हणजे नुसता डाग. त्याहून वाईट असें कीं, गोळा आधीं उभट व मग चपटा झाला, तर सावकाश घेतलेल्या चित्रांत दोहोंची सरासरी होऊन तो छान गोल दिसावा. मंद डोळा अंध नसतो. तो खोटें सांगतो.

यासाठीं जें यंत्र प्रथम कामास आलें त्याचा जीव सूक्ष्मनलिकांच्या चकतींत आहे. सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीची कांचेची चकती, आणि तिच्यांत लक्षावधि आरपार छिद्रें, एकेक साधारण दहा मायक्रोमीटरांचें. छिद्राच्या तोंडाशीं क्ष-किरणानें एक इलेक्ट्रॉन सुटला कीं तो भिंतीवर आपटतो, दोन-तीन नवे सोडवितो, ते पुढें आपटतात, आणि दुसऱ्या तोंडांतून हजारोंचा लोंढा बाहेर पडतो. अर्थात् चकतीच्या दोन अंगांमध्यें विजेचा दाब असेल तरच. म्हणून चकतीवर धातूची एक पट्टी ओढतात आणि तिच्या एका टोकाकडून विजेचा एक आंखूड ठोका सोडतात. ठोका पट्टीवरून धांवतो. तो ज्या भागावर असेल तेवढाच भाग त्या क्षणीं पाहूं शकतो. पट्टीवर सुईच्या छिद्रांतून एकाच वस्तूचीं अनेक चित्रें ओळीनें पाडून ठेवलीं, कीं ठोका त्यांच्यावरून जातां जातां एकामागून एक क्षण उघडीत जातो. मायब्रिजनें बारा कॅमेऱ्यांच्या ओळींतून घोडा नेला. येथें वस्तु जागच्या जागीं आणि दृष्टीच ओळीवरून धांवते. अशा रीतीनें दार सत्तर-शंभर पिकोसेकंदांपर्यंत, कांहीं यंत्रांत त्याहूनहि खालीं, आंखूड झालें.

लिव्हरमोरच्या मंडळींनीं गणकयंत्रांवर मोठमोठीं गणितें करून २०१२ च्या सप्टेंबरअखेर प्रज्वलन साधण्याचा संकल्प केला होता. तो सिद्धीस गेला नाहीं. गणितांत सर्व ठीक होतें. गोळी मात्र गणिताप्रमाणें वागत नव्हती. मग या चपळ दारांतून, मागून क्ष-किरणांचा उजेड टाकून, दबत चाललेल्या गोळीचीं चित्रें घेण्यांत आलीं, आणि तिच्यावर एक वळ दिसला. गोळी डब्याच्या मधोमध धरून ठेवण्यासाठीं दोन्ही बाजूंनीं प्लास्टिकची पातळ झिल्ली ताणलेली असे. तिची जाडी किती, तर केसाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी. एवढ्याशा झिल्लीकडे गणितानें फारसें लक्ष दिलें नव्हतें. जेथें ती गोळीवरून सुटत होती तेथें गोळीला चर पडत होता, आणि दबतां दबतां तो चर वाढत जाऊन गाभ्यापर्यंत बिघाड नेत होता. त्याचप्रमाणें गोळींत इंधन भरण्याची कांचेची नळी. तीहि केसाहून कितीतरी बारीक, पण तिच्या जागेंतून गोळीच्या कवचाचा फवारा आंत घुसून गाभा थंड करतो असें आढळलें. दहा मायक्रोमीटरांची नळी पांचावर आणि पुढें दोनावर आणण्यांत आली. वर्दिंग्टनचा थेंब जसा त्याच्या मनांत गोल होता, तशी ही गोळी गणितांत गोल होती. फरक इतकाच कीं, वर्दिंग्टननें वांकड्या थेंबाचें चित्र पाहून दूर ठेवलें होतें. येथें वांकडेपणा पाहण्याजोगा डोळाच आधीं घडवावा लागला.

तथापि सत्तर-शंभर पिकोसेकंदांचें दार गोळीच्या अखेरच्या क्षणांसाठीं अपुरेंच होतें, आणि चकतीची घडण पाहतां तें फार आंखूड होण्याजोगें नव्हतें. इलेक्ट्रॉनांस छिद्रांतून जाण्यासच वेळ लागतो. येथें जी युक्ति योजिली गेली ती आमच्या मतें या सर्व इतिहासांत सर्वांत सुंदर आहे. दार आंखूड करतां येत नाहीं ना? मग घटनाच लांब करावी. कल्पना करा कीं मुंबईहून पुण्याकडे प्रथम मेल सुटली, एका मिनिटानें पॅसेंजर, आणखी एका मिनिटानें मालगाडी. सुटतांना अंतर मिनिटाचें. पुण्यास पोंचतांना तें तासांचें झालेलें असेल. क्रम मात्र बदलणार नाहीं. नेमकें हेंच इलेक्ट्रॉनांशीं करतात. लेपापाशींचा विद्युद्दाब घटना चालू असतांनाच झपाट्यानें उतरवीत नेतात. आधीं सुटलेल्या इलेक्ट्रॉनांस मोठा धक्का बसतो, मागून सुटलेल्यांस लहान. नंतर सुमारें अर्धा मीटर लांबीच्या पोकळींतून ते धांवत जातात, आणि चुंबकक्षेत्र त्यांस वाटेंत इकडेतिकडे फुटूं देत नाहीं. जो उतावीळपणा पूर्वीं दोष म्हणून दाबून टाकावा लागला, तोच येथें मोजून-मापून दिला जातो. दुसऱ्या टोकास पोंचेपर्यंत दहा पिकोसेकंदांची हकीकत कांहींशें पिकोसेकंदांची होते, आणि तेथें तीच जुनी चकती आपल्या जुन्याच गतीनें ती वाचते. या तत्त्वाची चर्चा १९७६ च्या सुमारासच शास्त्रीय नियतकालिकांत झाली होती. हिल्साबेक, किल्केनी प्रभृतींनीं २०१० सालीं पांच पिकोसेकंदांपर्यंत उतरणारें असें यंत्र सिद्ध केलें, आणि पुढील कांहीं वर्षांत लिव्हरमोर येथें दहा पिकोसेकंदांहून आंखूड दाराचें क्ष-किरण-यंत्र बसलें. दहा पिकोसेकंदांत ती वेगवान गोळी अवघे चार मायक्रोमीटर सरकते.

८ ऑगस्ट २०२१ रोजीं केलेल्या प्रयोगांत लेसरांनीं सुमारें १.९ मेगाजूल शक्ति दिली आणि गोळीनें १.३५ मेगाजूल परत केली. ५ डिसेंबर २०२२ रोजीं २.०५ दिली आणि ३.१५ मिळाली. या आंकड्यांनीं जगभर जो जयघोष झाला त्यांत एक गोष्ट बरीचशी बुडून गेली : तें लेसर चालविण्यास भिंतींतील विजेच्या तारांतून ३०० मेगाजूलांच्या आसपास शक्ति घ्यावी लागली होती. घरोघर दिवे लागण्यास अजून फार अवकाश आहे. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक बोलावीशी वाटते. हें केंद्र मुख्यत्वें विजेसाठीं उभारलेलें नाहीं. अमेरिकेनें सप्टेंबर १९९२ नंतर भूमिगत अणुचांचण्या थांबविल्या. त्यानंतर कोठारांतील जुने बाँब अजून कामाचे आहेत कीं नाहींत हें स्फोटावांचून जाणण्यासाठीं जीं साधनें उभीं राहिलीं, त्यांत हें प्रमुख होय. टेलरनें चित्रावरून स्फोट मोजला. येथें स्फोट टाळून चित्रावर भागविण्याचा प्रयत्न आहे. यास कोणी शस्त्रसंन्यास म्हणेल, कोणी शस्त्रांचें जतन म्हणेल. आमचें मत दुसऱ्या बाजूकडे झुकतें. पण वाळवंटांतील खड्ड्यांपेक्षां हें बरें, इतकें कबूल करण्यास आम्हांस संकोच नाहीं. आणि चित्र कोणाच्या पैशानें काढलें यावरून तें खोटें ठरत नाहीं. झिल्लीचा चर सैनिकासहि तेवढाच खोल आणि साध्या जिज्ञासूसहि तेवढाच.

गोळी अधिकाधिक चांगली जळूं लागल्यापासून यंत्रकारांची एक नवी पंचाईत झाली आहे. जळण्याबरोबर न्यूट्रॉनांचा जो वर्षाव होतो त्यांत आधुनिक विद्युत्‌-कॅमेऱ्यांचे नाजूक तुकडे टिकत नाहींत; चित्रावर पांढरे ठिपके पडून तें बुजून जातें, किंवा यंत्रच निकामी होतें. म्हणून अशा भारी प्रयोगांसाठीं जीं कणखर यंत्रें केलीं आहेत, त्यांतील कांहींत चकतीमागच्या चकाकत्या पडद्याला विद्युत्‌-कॅमेरा न लावतां साधी प्रकाशचित्राची फिल्म लावतात. इलेक्ट्रॉनानें क्षण पकडून आणला कीं प्रयोग संपल्यावर कोणी तरी ती फिल्म काढून काळोख्या खोलींत नेतो, आणि रसायनांत धुऊन वाळत टाकतो.